चार बोटं जागा

मी एक कागद आहे, पण कोरा नव्हे. माझ्या अंगावर दोन वाळलेल्या फांद्या दोऱ्यानं टाचल्या आहेत. डावीकडे फुलांची, उजवीकडे फळांची. वनस्पतींच्या संग्रहालयात, लोखंडी कपाटाच्या सातव्या खणात मी एकेचाळीस वर्षं पडून आहे.

मला घडवलं एका तरुण वनस्पतिशास्त्रज्ञानं. डोंगरउतारावरून त्यानं फुलांची फांदी आणली आणि रद्दीत दाबून वाळवली. तान्ह्या बाळाची दुपटी बदलावीत तशी तो रोज रद्दी बदलायचा. तीन महिन्यांनी त्याच जागी फळं मिळाली, पण झुडपाला बांधलेली खुणेची दोरी तोवर कुठंतरी गळून गेली होती. म्हणून त्यानं माझ्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं : 'फळं बहुधा याच झुडपाची. खात्री नाही.'

ही त्याची खोडच होती. स्वतः पाहिलेलं शाईत, न पाहिलेलं पेन्सिलीत. सहकारी त्याला 'बहुधा' अशीच हाक मारत. डबा द्यायला आलेली बायको एकदा म्हणाली, "मी आवडते का विचारलं, तेव्हाही हे म्हणाले, बहुधा!"

माझ्यावर निबंध लिहिला तेव्हा मात्र त्याचे वरिष्ठ कडाडले, "नवी जात मांडतोयस की अंदाज वर्तवतोयस? काढ ते बहुधा!" त्यानं काढलं. निबंध छापला गेला, जातीला नाव मिळालं. माझ्यावरची पेन्सिल तेवढी त्यानं पुसली नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. जुनी चिठ्ठी कुणी फाडायची नाही. पुढच्या अभ्यासकाला वेगळं दिसलं, तर त्यानं नाव-तारीख घालून शेजारी आपली चिठ्ठी डकवायची. चूक आणि दुरुस्ती एकाच घरात नांदतात.

गेल्या आठवड्यात तेच 'बहुधा', आता म्हातारे झालेले, काठी टेकत आले. त्या उतारावर फिरताना त्यांना शेजारी शेजारी दोन सारखी झुडपं दिसली होती, आणि तेव्हापासून जिवाला घोर लागला होता. संग्रहालयाची प्रमुख त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. तिनं मला टेबलावर मांडलं, भिंग दिलं. फुलांच्या फांदीवर पानांखाली बारीक लव होती. फळांच्या फांदीची पानं गुळगुळीत.

"पोरी, ही दोन वेगळी झाडं आहेत. एकाच्या धडावर दुसऱ्याचं डोकं बसवलं मी! तेहतीस जणांनी माझा आधार घेतलाय. सगळ्यांना खड्ड्यात घातलं."

"सर, आधी बसा."

"बसल्यानं दोनाचं एक होणार आहे का?"

तिनं एक जाडजूड फाइल आणली. "बावीस जण नुसता निबंध वाचून गेले. ते फसले, खोटं कशाला बोलू? पण अकरा जणांनी या कागदाचा फोटो मागवला. हे समुद्रापलीकडचं टिपण बघा : 'मूळ नमुन्यावर शंका नोंदली असल्यानं फळ विचारात घेतलेलं नाही.' अकराच्या अकरा जणांनी हेच केलंय."

मग ती एकेक खण ओढत गेली. त्यांच्या विद्यार्थ्यांचे कागद, त्या विद्यार्थ्यांच्या विद्यार्थ्यांचे कागद. शेकडो. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीची एक ओळ.

"यातल्या निम्म्यांनी तुम्हाला पाहिलंही नाही. असं का लिहिता विचारलं तर म्हणतात, असंच लिहितात ना?"

ते उघड्या खणांकडे बघत राहिले. "माझी शंका... एवढ्या लांब गेली?"

मीही थक्क झालो. शेजारच्या खणांत माझं एवढं गणगोत आहे, हे मला कुठं ठाऊक होतं? इतकी वर्षं मी माझ्या फुलांचाच तोरा मिरवत होतो.

मग त्यांनी चिठ्ठी लिहिली : 'जातीचं नाव फुलांच्या फांदीचं. फळांची फांदी दुसऱ्या जातीची. निबंधातलं फळाचं वर्णन ही माझी चूक.' शाईत.

ती हसली. "बहुधा राहिलं, सर."

"नाही. हे मी पाहिलंय."

चिठ्ठी डकवताना ती मधोमध ठेवू लागली, तर त्यांनी तिचा हात धरला. "वर सरकव. खाली जागा राहू दे. कुणाला तरी लागेल."

तुम्ही कधी आलात, तर मला हलक्या हातानं उचला. फांद्या ठिसूळ झाल्यात. काही फाडू नका. त्यांच्या चिठ्ठीखाली अजून चार बोटं जागा आहे.