तिसरं पाणी

वैदीणबाई दोन बस बदलून कंपनीच्या ऑफिसात आल्या त्या भांडायलाच. जंगलातल्या त्यांच्या वस्तीने बजावून पाठवलं होतं की आवाज परत घेतल्याशिवाय येऊ नका. बारा वर्षांपूर्वी एक संशोधक त्यांच्या आईपाशी बसून वस्तीची औषधं रेकॉर्ड करून घेऊन गेला. पुढे आई वारली. आणि आता तीच आई म्हणे या कंपनीच्या यंत्रातून साऱ्या जगाला औषधं सांगत होती. वस्तीला विचारायची तसदी कुणी घेतली नव्हती.

समोरचा साहेब गोडगोड हसत होता. असल्या हसण्याचा बाईंना मनस्वी तिटकारा. संशोधकाची सही आमच्याकडे आहे, तो म्हणाला, आणि यंत्र जे एकदा शिकलं ते आता बाहेर काढता येत नाही, मावशी.

"मी तुमची मावशी नाही," बाई म्हणाल्या.

साहेबाचं हसू तसूभरही ढळलं नाही. ऐकून तर बघा, म्हणत त्याने यंत्राला लेकराच्या तापावर औषध विचारलं. लगेच आईचा घोगरा आवाज आला. "निळ्या फुलाचं मूळ उकळायचं, ते पाणी पाजायचं."

हे औषध अर्धंच होतं. परक्याला औषध अर्धंच सांगायचं, ही वस्तीची रीत. त्यात कुणाचं वाईट होत नसे, कारण ज्याला गरज तो दारात येई आणि वैदीण स्वतःच्या हाताने काढा करून देई. हा संशोधक बाबा नुसतं रेकॉर्ड करून नेतोय, पाजणार थोडाच, असं आईला वाटलं असणार. त्या मुळाची पहिली दोन पाणी विषारी होती.

किती लोक विचारतात, असं त्यांनी विचारलं. रोज हजारेक, साहेब अभिमानाने म्हणाला.

हे औषध आत्ताच्या आत्ता बंद करा, बाई म्हणाल्या. बंद करणं माझ्या हातात नाही, चूक असेल तर दुरुस्त करून देतो, साहेब म्हणाला.

सांगावं तर वस्तीशी बेइमानी, गप्प बसावं तर कुणाचं तरी लेकरू जाणार. बाईंनी त्याला मनातल्या मनात लाखोली वाहिली.

"पहिली दोन पाणी फेकायची," त्या दातओठ खात म्हणाल्या. "तिसरं पाजायचं."

साहेबाने ते टाइप केलं, आभार मानले आणि यंत्राला पुन्हा तोच प्रश्न विचारला. जन्मभर लेकीखेरीज कुणालाही न सांगितलेलं आईने त्याला शांतपणे सांगून टाकलं.