एकही गोल न झालेली जाळी

मी जाळी बोलतेय. फुटबॉलच्या गोलखांबांना मागून बांधतात ती. माझ्या अंगात दोऱ्यापेक्षा भोकंच जास्त आहेत, हे मला ठाऊक आहे, तुम्ही सांगायला नको. पण त्या भोकांवर जाऊ नका. माझ्या एकेका गाठीत पीळ आहे आणि तो अजून गेलेला नाही.

खेळ बघताना माझ्याकडे कोणी बघत नाही. चेंडू आत गेला की माणसं नाचतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात, शेजारच्याच्या अंगावर चहा सांडतात. चेंडू धरलेला असतो मी. असो, कौतुकाची मला हौस नाही. पण मला कोणी 'वापरलेली' म्हणालं होतं, ते मात्र मी विसरलेले नाही. त्याचीच ही हकीकत आहे आणि ती मी सांगणारच.

माझा जन्म दोन खोल्यांच्या एका कारखान्यात झाला. कारखाना म्हणायचं आपलं. पुढच्या खोलीत भिंतीला हुकांची रांग, हुकांसमोर स्टुलांवर बसून विणणाऱ्या बायका. मागच्या खोलीत भट्टी आणि तिच्यावर एक भलंमोठं तांब्याचं पातेलं. मालकिणीला सगळे मावशी म्हणतात. ती खरोखरची मावशी आहे एकाच मुलीची. ही भाची फोन घेते, कागदपत्रं बघते आणि मावशीशी वाद घालते. तिसरं काम ती सगळ्यात मन लावून करते.

मावशीच्या घराण्यानं पिढ्यान्पिढ्या मासेमारीची जाळी विणली. त्या घरातली एक पद्धत आहे. जाळं विणून झालं म्हणजे झालं असं नाही. ते कढत पाण्यात बुडवायचं, पिळायचं, मग वाळूच्या पिशव्या टांगून ताणून ठेवायचं, गाठी एकमेकींना घट्ट धरेपर्यंत. तोवर ते कच्चं. 'कोरडं जाळं खोटं बोलतं,' असं मावशीची आई म्हणायची. कच्चं जाळं कोळ्याच्या हातात दिलं आणि भर समुद्रात त्याच्या गाठी सरकल्या, तर त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटणार नाही, एवढा साधा हिशेब. आणि पक्क्या झालेल्या प्रत्येक जाळ्याच्या कोपऱ्यात मावशी स्वतः एक हिरवी गाठ मारते. ती तिची सही.

पुढे यंत्रावरची स्वस्त जाळी आली आणि कोळ्यांनी पाठ फिरवली. मावशीनं खेळाच्या जाळ्या विणायला घेतल्या, पण शाळेबिळेच्या मागणीवर किती दिवस निघणार? हुक रिकामे राहायला लागले. तेव्हा शहराबाहेर मोठी शेड असलेले शेठ आले. गोड बोलले. म्हणाले, सगळ्या बायकांना घेऊन माझ्याकडे या, कामाला तोटा नाही. हात तुमचे, नाव आमचं. फक्त ती हिरवी गाठ तेवढी मारायची नाही.

मावशीनं त्यांना चहा दिला आणि विचार करते म्हणाली. मावशी 'विचार करते' म्हणाली की समजावं, पाणी गळ्याशी आलंय. एरवी ती विचार करत नाही, सरळ नाही म्हणते.

त्याच सुमारास बातमी आली. शहरात मोठी स्पर्धा होणार, देशोदेशीचे संघ येणार. छोट्या धंदेवाल्यांसाठी एक सभा ठेवली होती, तिला भाची गेली. बाकीचे व्यापारी म्हणे मागच्या रांगेत बसून म्हणत होते, हे सगळं दाखवायला असतं, मोठ्यांचं आधीच ठरलेलं असतं. भाची पुढे बसली आणि प्रश्न विचारत सुटली. सगळं काम एकालाच देणार, की तुकडे करणार? तर मुख्य मैदानाचं काम वेगळं होतं आणि सरावाच्या मैदानांचे खांब नि जाळ्या वेगळ्या. एकट्याचा धंदा लहान पडत असेल तर? तर दोघातिघांनी मिळून अर्ज केलेला चालत होता.

"मुख्य मैदानाकडे बघायचंच नाही," तिनं घरी येऊन सांगितलं. "तिथे शेठ आहेत. आपण सरावाची मैदानं मागू. झेपेल तेवढंच मागायचं, पण मागायचं."

मावशीला हे पटलं. पटलं नाही ते पुढचं. कारण खांब बनवणारा कोण, तर गल्लीच्या पलीकडचा वेल्डर. त्याला सगळे ठिणगी म्हणतात, धंद्यावरूनही आणि स्वभावावरूनही. मावशीचं आणि त्याचं कित्येक वर्षांचं वैर. एकदा त्याच्या दुकानातली ठिणगी उडाली आणि मावशीनं वाळत टाकलेल्या जाळीला भोक पडलं. मावशी भांडायला गेली, तर हा म्हणतो, जाळीला भोक पडलं म्हणून कोणी भांडतं का? तेव्हापासून बोलणं बंद.

भाचीनं दोघांना समोरासमोर बसवलं. ते एकमेकांकडे न बघता तिच्याशीच बोलत राहिले. शेवटी ठिणगी भाचीला म्हणाला की, तुझ्या मावशीला सांग, भोक पडलं ते वाईटच झालं. मावशी भाचीला म्हणाली की, त्याला सांग, चहा गार होतोय. अर्जावर दोघांच्या सह्या झाल्या.

अर्जासोबत नमुना द्यायचा होता. तो नमुना म्हणजे मी.

मला विणायला सगळ्या बायका आळीपाळीनं बसल्या. माझ्यासोबत अजून एक जाळी विणली, काही बिनसलंच तर हाताशी असावी म्हणून. ती माझी जुळी बहीण. हुकावरून उतरले तेव्हा मी इतकी पांढरीशुभ्र होते की भाची म्हणाली, मावशी, हिला अशीच पाठवू या. साहेबलोकांना दिसायला छान दिसेल. मावशीनं ऐकून घेतलं, मला उचललं आणि सरळ पातेल्यात टाकलं.

आई गं! तो चटका मी जन्मात विसरणार नाही. पण त्यानंतर अंगात जे बळ आलं, तेही नाही विसरणार. गाठ न् गाठ आवळून आली. रंग थोडा पिवळट झाला, भट्टीच्या धुराचा वास लागला, पिशव्या टांगल्याच्या खुणा उमटल्या. कोपऱ्यात हिरवी गाठ बसली आणि मी पक्की झाले. बहीण मात्र कच्चीच घडी घालून कपाटात राहिली.

मला पाठवलं, आणि थोड्याच दिवसांत उत्तर आलं. नमुना वापरलेला आहे, सबब अर्ज अपात्र. हरकत असल्यास समक्ष येऊन मांडावी.

वापरलेली! मी! ज्यांनी मला हातात धरून धड पाहिलंही नव्हतं, लांबूनच वास घेऊन नाक मुरडलं होतं, ते मला वापरलेली म्हणाले.

 'मी सांगत होते' हे भाचीच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, हे मावशीलाही कळत होतं. शेठना कुठून कळलं कोण जाणे, त्यांचा फोन आलाच. मावशी म्हणाली की सुनावणी होऊ द्या. तिथे नाही म्हणाले, तर हुक उतरवून तुमच्या शेडमध्ये आणते. एवढं बोलून ती मागच्या खोलीत जाऊन भट्टीशेजारी बसून राहिली.

सुनावणीची खोली मोठी होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि मधोमध मी, एखाद्या आरोपीसारखी. समोर खरेदीचे साहेब होते आणि मैदानाच्या सामानाची चाचणी घेणाऱ्या बाई. बाईंच्या पायात खेळाचे बूट होते आणि त्या फारसं बोलत नव्हत्या. साहेबांनी मला बोटाच्या टोकानं उचललं. डाग दाखवले, वास दाखवला. नियमात नवा माल लिहिलंय, म्हणाले, आणि हे काही नवं दिसत नाही.

ठिणगी पेटायच्या बेतात होता. मावशीनं त्याच्या दंडावर हात ठेवला आणि स्वतः उठली.

"साहेब," ती म्हणाली, "वापरलेली म्हणता, तर वापरली कोणी? हिच्यात अजून एकही गोल झालेला नाही."

बाई हसल्या. साहेब हसले नाहीत. म्हणाले, ते खरं असेलही, पण आम्ही समजायचं कसं? आणि तेवढ्यात भाचीनं पिशवीतून माझी बहीण काढून टेबलावर ठेवली. पांढरीशुभ्र, कच्ची.

मावशीचा चेहरा उतरला. कच्ची जाळी तिच्या घरातून आजवर बाहेर गेली नव्हती, आणि आज घरच्याच पोरीनं ती चारचौघांत मांडली. मलाही वाटलं, संपलं. ही पोरगी आता मला बाजूला सारणार, बहिणीला पुढे करणार आणि काम पदरात पाडून घेणार.

"ही घ्या नवीकोरी," भाची म्हणाली. "नियमात बसते. पण ही आम्ही पुरवणार नाही. आम्ही पुरवणार ती पिवळी. आज पांढरी दाखवून काम घेतलं, तर उद्या पिवळ्या सगळ्या परत येतील आणि ते बरोबरच होईल. म्हणून आत्ताच दोन्हींवर चेंडू मारून बघा. मग काय ते ठरवा."

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. मग ती खाली बसली.

साहेबांचं मन होईना. चाचणीच्या बाईंनी मात्र खुर्ची मागे सारली आणि आम्हा दोघींना काखेत मारून मैदानाकडे चालू लागल्या.

तिथे चेंडू फेकणारं यंत्र होतं. आधी बहीण. पहिले काही चेंडू तिनं झेलले, शाबास तिची. मग एका कोपऱ्यातली गाठ सरकली, तिच्यामागून दुसरी, आणि एक चेंडू तिला पार करून मागच्या भिंतीवर आपटला. मावशीनं मान फिरवली. मलाही बघवेना. माझी बहीण वाईट नव्हती हो, तिच्या नशिबी अजून पातेलं आलं नव्हतं, इतकंच.

मग मला बांधलं. या म्हटलं, किती येता ते या. चेंडू येत राहिले, मी मागे जात राहिले आणि परत येत राहिले. एकाही गाठीनं हात सोडला नाही. यंत्रातले चेंडू संपले तेव्हा बाईंनी माझ्या गाठी बोटांनी चाचपल्या, हिरव्या गाठीवर बोट थांबलं, आणि कागदावर 'वापरलेली' खोडून त्यांनी 'पक्की केलेली' असं लिहिलं. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाले की बाईंनी लिहिलंय तर माझी हरकत नाही, आणि सही केली. माणूस नियमाचा होता, खोटा नव्हता.

सरावाच्या मैदानांचं काम मिळालं. शेठना मावशीनं स्वतः फोन केला. विचार केला, म्हणाली, आणि नाही. हुक भिंतीवरच राहिले. बहीणही पातेल्यात पडली, तिच्या सरकलेल्या गाठी बांधून झाल्या, आणि ती थेट मैदानावर गेली. मोठमोठे खेळाडू तिच्यात गोल मारत होते म्हणे.

आणि मी? मला लाखेची मोहर लावून मैदानाच्या कचेरीतल्या कपाटात बंद केलं. पुरवलेली प्रत्येक जाळी माझ्याशी ताडून बघायची, असा नियम. मान मोठा, पण जागा अंधारी. बाहेर आरडाओरडा चालायचा, शिट्या वाजायच्या आणि मी घडी घालून पडलेली. चाचणीचे चेंडू काय, यंत्रानं मारलेले. त्यांना कोणी गोल म्हणत नाही. जीव जळायचा, खोटं कशाला सांगू?

स्पर्धा संपली आणि मोहर काढून मला घरी पाठवलं. बायकांनी वाटलं तर पडदा करा म्हणून सुचवलं.  मावशीनं ठिणगीला हाक मारली आणि त्यानं गल्लीच्या टोकाला दोन खांब उभे केले. मला बांधलं. सगळ्या बायका विणकाम टाकून बाहेर आल्या. चेंडू भाचीनं आणला.

पहिला मान कोणाचा, यावर चर्चा सुरू व्हायच्या आत मावशीनं चपला काढल्या. या वयात, गुडघे दुखत असताना. पहिली लाथ हुकली, चेंडू जागच्या जागी आणि मावशी पडता पडता वाचली. ठिणगी हसला, मग तिनं बघितल्यावर गप्प झाला. दुसरा चेंडू ठिणगीच्या दुकानात गेला. तिसरा मात्र सरळ आला, डुलत डुलत, सावकाश, आणि मी त्याला पोटाशी धरला.

आता म्हणा मला वापरलेली.