दगडाखालची खूण

डोर्नलाख म्हणजे नऊ घरं, एक तळं आणि हाकेच्या अंतरावर चर्च. जर्मनीतल्या फ्रँकोनियाच्या नकाशात ते शोधायचं तर नाक कागदाला टेकवावं लागतं. पण एवढ्याशा वाडीला मिजास केवढी! राजे आले-गेले, दोन युद्धं झाली, पण आमचा बांध कुणी हलवला नाही, असं तिथला जो तो छातीठोक सांगायचा.

बांधावरचे दगड पुरायचे ते शपथ घेतलेल्या सात जणांनीच. दगडाखाली भाजक्या मातीचे तुकडे ठरावीक रीतीने मांडायचे आणि ती मांडणी बायकोलाही सांगायची नाही. दगड कुणी चोरून सरकवलाच, तर खूण जुन्या जागी राहते आणि चोरी उघडी पडते. यंदा ओटमारला त्या सातांत घेतलं, तेव्हा त्याने अख्ख्या वाडीला बिअर पाजली होती.

त्याच्या शेजारच्या वालबुर्गाकाकू कित्येक वर्षं एकच धोशा लावून होत्या: ओटमारच्या बापाने दगड सरकवून आमचं शेत खाल्लं. त्या गुत्त्यात येऊन बसल्या, की ओटमारच ओरडायचा, "काकू, जपून! खुर्ची वीतभर सरकली बघा तुमची!" मग सगळे टेबलं बडवून हसायचे.

त्या शनिवारी ट्रॅक्टरचा धक्का लागून तोच दगड कलंडला. पुन्हा बसवण्याआधी खूण बघायलाच हवी. सातांतला सर्वात जुना कास्पार आणि ओटमार खड्ड्याशी गुडघे टेकून बसले. बाकीची मंडळी रिवाजाप्रमाणे पाठ फिरवून लांब उभी राहिली. काकूही.

ओटमारने माती उकरली, कोपरापर्यंत हात घातला. एक गांडूळ तेवढं निघालं.

"कास्पारकाका, इथे काहीच नाही."

"हळू बोल," कास्पार पुटपुटला. "आहे म्हण आणि माती लोट."

"पण नाहीये!"

"तिच्या नवऱ्याने तक्रार केली, तेव्हाही नव्हती. मीच बघितलं होतं. तुझा बाप माझा जिवलग, मी काय करणार होतो? आता तो गेला, तिचा नवराही गेला. कशाला मढी उकरतोस?"

ओटमारचे कान तापले. बापाची लाज वाटली, कास्पारची वाटली. मग तो खुर्चीचा विनोद आठवला आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की तोंड त्या खड्ड्यातच खुपसावंसं वाटलं. 'आहे' एवढं म्हटलं की बापाचं नाव शाबूत. शब्द जिभेवर आलाही होता.

"खूण नाही," तो हळूच म्हणाला. मग तो उठला. "दगड सरकवलाय. माझ्या बापाने. काकू खरं बोलत होत्या."

मंडळी वळली. काकूंनी ओटमारकडे बघितलंच नाही.

"कास्पार, याच खड्ड्यात बघून तू 'खूण आहे' म्हणालास. तुझ्या शब्दाखातर माझ्या गेओर्गने चर्चच्या दारात, चारचौघांत, टोपी काढून याच्या बापाची माफी मागितली. घरी येऊन मला म्हणाला, तुझ्यापायी लोकांपुढे नाक घासलं मी. मरेपर्यंत त्याला वाटत होतं, मीच खोटी."

"काकू, मला माफ..." ओटमारने टोपी काढली.

"माझ्यापुढे काय काढतोस? मला ठाऊकच होतं. जा, त्याला सांग."

चर्चमागच्या दफनभूमीकडे एकच वाट जाते, नऊही घरांसमोरून. ओटमार टोपी हातात धरून चालत राहिला. कुणी टोमणा मारला असता तर बरं, असं त्याला वाटलं. पण कुणी मारला नाही. गेओर्गच्या थडग्यापाशी पोचला, तेव्हा मागे सगळी वाडी येऊन उभी होती.

"मोठ्याने," काकू म्हणाल्या. "त्याला कमी ऐकू यायचं."

"गेओर्गकाका, वालबुर्गाकाकू खऱ्या होत्या," ओटमार मोठ्याने म्हणाला आणि मग त्याला मान वर करता येईना.