मागचं डावं चाक

"हवा कमी ठेवायला कोनी सांगितलं तुमाला?"

हरेशने टायरवरून तळहात फिरवला, बोटांना लागलेली काळी भुकटी पॅंटला पुसली आणि तो उठून उभा राहिला. सयाजी मागच्या डाव्या चाकाकडे पाहत होता.

"बघा, मधली नक्षी अजून चांगली हाय. दोन्ही कडा गुळगुळीत. कमी हवेवर चालवला की टायर असाच घासतो. चारी चाकं तशीच हायेत, पन हे एक तर पार गेलंय. काका, वायर दिसायला लागली. फुटला असता म्हंजे?"

"फुटला न्हाई," सयाजी म्हणाला.

"नशीब तुमचं."

शुक्रवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. बोनकोड्यात रस्त्याला लागून हरेशचं टायरचं दुकान आहे. दुकानाच्या जागी पूर्वी त्याच्या आजोबांचं भाताचं शेत होतं. ही गोष्ट तो गिऱ्हाइकांना सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. सयाजी राहायला जवळच, कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत. कांदा-बटाटा मार्केटात त्याने चौतीस वर्षं पाठीवर गोण्या वाहिल्या. आता त्याला त्रेसष्ट पुरी होत होती. गाडी त्याने सहा वर्षांपूर्वी घेतली, जुनी, पांढरी, लहान. बायकोचं, राहीबाईचं, डायलिसिस सुरू झालं त्या महिन्यात. तोवर त्याने सायकलशिवाय काही चालवलं नव्हतं. सत्तावन्नाव्या वर्षी तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेला तेव्हा माथाडी टोळीतल्या लोकांनी त्याची पुष्कळ थट्टा केली होती.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. चार महिन्यांपूर्वीपर्यंत शुक्रवारी या वेळी तो नेरुळच्या डायलिसिस सेंटरबाहेर गाडीत बसलेला असे.

"मुलगा म्हनला, ऑल-सीझन टायर बगा," सयाजी म्हणाला. "शिवतेज. पुन्याला असतो, चाकणला कंपनीत. रविवारी गाडी न्यायला येतोय."

हरेश हसला. "मुलाला सांगा, इथं काय बर्फ पडत नाय. आपले सगळे टायर ऑल-सीझनच. आठ महिने तापल्या रस्त्यावर, चार महिने पान्यात. फरक दुसऱ्याच गोष्टींत असतो."

त्याने मांडणीवरून दोन टायर खाली घेतले आणि एकाला एक टेकवून उभे केले. "हा घट्ट रबराचा. पन्नास हजार किलोमीटर कुठं नाय गेला. हायवेला बेस्ट. आवाज थोडा जास्त, गाडी थोडी कडक वाटेल. आनि हा मऊ. चालतो एकदम शांत, धक्का कमी. पन झिजतो लवकर. मुलगा रोज कंपनीत जानार असेल तर हा घट्ट घ्या."

सयाजी वाकला. टायरच्या बाजूवर कोरलेल्या आकड्यांवर त्याने बोट ठेवलं. "ह्ये ब्याऐंशी काय?"

"वजनाचा नंबर हाय. ब्याऐंशी म्हंजे एक टायर चारशे पंच्याहत्तर किलो उचलनार."

"पन्नास किलोच्या साडेनऊ गोण्या," सयाजी लगेच म्हणाला.

"बरोबर. तुमी माथाडी ना? हिशोब तोंडावर हाय."

सयाजीने मऊ टायर अंगठ्याने दाबून पाहिला. मग घट्ट टायर दाबून पाहिला. पुन्हा मऊ टायरकडे वळला. "ह्योच बसवा," तो म्हणाला.

"मुलगा शिव्या घालंल मला."

"घालू दे."

हरेशने जॅक ओढत आणला. पण गाडीखाली सरकवण्याआधी तो थांबला. त्याच्या मनातून तो प्रश्न गेला नव्हता. "नाय, पन हवा कमी का? पंपावर भरत नव्हता काय?"

"भरत हुतो. तीस भरून आनायचो आन् घरी यून सोडायचो." सयाजीने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि तिच्या टोकाने हवेत व्हॉल्व्हची पिन दाबल्यासारखं केलं. "तीन चाकांची एक ते धा म्हनंपर्यंत. ह्या चाकाची पंधरा म्हनंपर्यंत."

"कशासाठी?"

मार्केटात पहिल्या आठवड्यात मुकादम गंगारामने सयाजीला एकच गोष्ट शिकवली होती. पाठीवर ओझं असताना गुडघा ताठ ठेवायचा नाही. ताठ पायाने चाललं की प्रत्येक पावलाचा दणका ओझ्याला बसतो आणि ओझ्याचा दणका माणसाला. गुडघा सैल सोडला की ओझं तरंगतं. त्या नियमावर सयाजीचं कंबरडं चौतीस वर्षं शाबूत राहिलं. टोळीतल्या निम्म्या माणसांचं राहिलं नाही. म्हणून सेंटरमधून परतताना पहिल्याच दिवशी राहीबाई स्पीडब्रेकरवर कण्हली, तेव्हा त्याने कुणाला विचारलं नाही. घरी येऊन चाकांचे गुडघे सैल केले.

"मंडळी मागं बसायची. डाव्या बाजूला," तो म्हणाला. "उजव्या हाताला सुया टोचलेल्या असायच्या. चार तास मशीनवर. येताना हाडं लई दुखायची तिची. म्हनून त्या चाकाची हवा जरा जास्त सोडायचो."

हरेशने जॅकचा दांडा खाली ठेवला.

"आता?"

"आता चार महिनं झालं."

समोरच्या रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला.

"दर ब्रेकरला विचारायचो, लागलं का गं? तर म्हनायची, न्हाई ओ, कळलंबी न्हाई." सयाजीने किल्ली खिशात टाकली. "हवा कमी आसली की धक्का कमी बसतो. व्हय का न्हाई, शेठ?"

अठरा वर्षं हरेश हा धंदा करत होता आणि खोटं बोलून टायर विकणं त्याला आवडत नसे. "बारीक खड्ड्यांत थोडा फरक पडतो," तो म्हणाला. "ब्रेकरवर नाय पडत. उलट टायर चेपतो आनि धक्का सरळ वर येतो."

"आसं कसं? ती म्हनायची की."

"असेल. त्यांना कमी लागत असेल."

सयाजीने मागचं डावं चाक पायाने दाबून पाहिलं. मग म्हणाला, "टायर नंतर बदला. आदी मला मागं बसवून एक चक्कर मारा. हायेत त्याच टायरवर."

"काका, टायर घ्यायला आलात का गाडी विकायला?"

"एकच चक्कर. मी कदी मागं बसलोच न्हाई."

हरेशने हात पुसले आणि किल्ली मागितली.

सयाजीने मागचं डावं दार उघडलं. सीटवर राहीबाईची उशी होती, निळ्या फुलांच्या अभ्र्याची, उजव्या हाताखाली घ्यायची. तो बसला. आपला उजवा हात त्याने उशीवर ठेवला. पुढे हरेशचे मानेपर्यंत वाढलेले केस, आरसा, आरशात हरेशचे डोळे. राहीबाईला सहा वर्षं इथून काय दिसत होतं ते त्याला प्रथमच दिसलं. तिला तिथे त्याचे स्वतःचे डोळे दिसत असणार.

"अजून एक," सयाजी म्हणाला. "ब्रेकरवर मागं टक् करून आवाज यायचा. मी जॅक फडक्यात गुंडाळून ठेवला, डिकी रिकामी करून बगितली. तरी यायचा."

"आता येतो?"

"आता न्हाई येत. आपोआप गेला."

"गेला ना, मग सोडा."

त्याच रस्त्यावर शाळेच्या अलीकडे तीन ब्रेकर आहेत. हरेश सावकाश आला, सयाजी येत असे तितकाच सावकाश. पुढची चाकं चढली आणि उतरली. काही विशेष वाटलं नाही. मग मागची चाकं चढली. धक्का सीटमधून सरळ कमरेत आला, पाठीतून खांद्यात गेला. उशीवरचा हात उडून मांडीवर पडला. डावा हात केव्हा वर गेला ते सयाजीला कळलं नाही. दाराच्या वर छताला लावलेलं हँडल त्याने घट्ट ओढून धरलं होतं.

टक्.

हरेशने गाडी कडेला घेतली. "हाच आवाज काय?"

सयाजीने मान वर करून पाहिलं. हँडलचा पुढचा स्क्रू निखळला होता. ओढलं की ते टोक छतातून बोटभर खाली येत होतं, सोडलं की टक् करून जागेवर बसत होतं. करड्या प्लॅस्टिकवरची खरखरीत नक्षी चार ठिकाणी घासून गुळगुळीत झाली होती. चार बोटांच्या चार जागा. त्याने तिथे आपली बोटं लावून पाहिली. ती मावत नव्हती. त्याची बोटं जाड होती.

मग त्याने समोरच्या सीटवरचं हँडल पाहिलं, पलीकडच्या दारावरचं पाहिलं. ती नवी असल्यासारखी होती.

"काका, पुढच्या दोन ब्रेकरवरून नेऊ?"

"नको. फिरवा मागं."

परतताना तो हँडलला हात लावून बसला होता. हरेशने आरशात एकदाच पाहिलं, नंतर पाहिलं नाही.

दुकानात आल्यावर सयाजी गाडीतून उतरला, दार लावलं आणि मांडणीजवळ गेला. मऊ टायरला त्याने पायाने थोडं बाजूला सारलं. "तो घट्ट बसवा," तो म्हणाला. "चारी."

"नक्की?"

"पोराला रोज लांब जायचंय. टिकलं पायजे. आन् हवा कंपनी सांगती तेवढी भरा."

"तेहतीस."

"तेहतीस. चारीला सारखी."

काम पाऊण तास चाललं. सयाजी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून होता. जुने टायर एकेक करून भिंतीला टेकले गेले. मागचं डावं चाक सर्वांत शेवटी आलं. मध्येच शिवतेजचा फोन आला.

"आबा, मिळाले का ऑल-सीझन?"

"मिळालं."

"जास्त चालणारे आहेत ना? आणि त्या माणसाला हवा नीट चेक करायला सांगा. गेल्या खेपेला मी चालवली तेव्हा गाडी कशी डुलत होती. तुमचं लक्षच नसतं."

"सांगितलंय," सयाजी म्हणाला. "ठेव."

हरेशने शेवटच्या चाकाचे नट आवळले. मागचं दार उघडून तो हँडलकडे बघत म्हणाला, "एक स्क्रू लागंल. दोन मिनिटांत बसवून देतो. ह्याचे पैसे नकोत."

सयाजी उठला. त्याने आत हात घालून उशी सरळ केली.

"ऱ्हाऊ द्या, शेठ. कुनी वढल्याबिगर ते वाजत न्हाई."

हरेशने स्क्रू डब्यात परत टाकला.

घरी जाताना शाळेच्या अलीकडे पहिला ब्रेकर आला तेव्हा सयाजीने गाडी पहिल्या गिअरमध्ये घेतली. सवयीने तिरकी केली, म्हणजे एका वेळी एकच चाक चढेल. नवे टायर कडक होते, स्टीअरिंगपर्यंत जाणवत होते. उजवं पुढचं, डावं पुढचं, उजवं मागचं. मागचं डावं चाक सर्वांत शेवटी चढलं आणि उतरलं. सयाजीने कान दिला.

मागे कसलाच आवाज झाला नाही.

पाठीमागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला. सयाजी आणखी थोडा वेळ तसाच थांबला. मग पुढच्या ब्रेकरकडे त्याने गाडी पुन्हा तिरकी केली.