न तुटणारी पिन

चिमाजी मिस्त्रीच्या हाताला नाशिकजवळच्या अख्ख्या सातपुरात तोड नव्हती, आणि त्या हातानेच त्याचा घात केला.

मळणी यंत्राच्या चाकात बोटाएवढी एक पिन असते. पंच्याण्णव साली सिन्नरकडचे शेतकरी तक्रार घेऊन आले, “मिस्त्री, पिन घडीघडी तुटती.” चिमाजीला ते झोंबलं. त्याने ट्रकच्या जुन्या अ‍ॅक्सलमधून आपल्या लेथवर बारा पिना कातल्या, तापवून-विझवून कडक केल्या, प्रत्येकीवर आपली दोन टिंबांची खूण ठोकली. आता तोडून दाखवा म्हणाला! अरे शहाण्या, ती पिन तुटण्यासाठीच असते. आत काही अडकलं की ती तुटते आणि यंत्र थांबतं. पण हे त्याला सांगणार कोण?

त्याच हंगामात एका वस्तीवर बायडाबाई नावाच्या बाईचा पदर यंत्रात गुंतला. यंत्र थांबलं नाही. हात कोपरापासून गेला.

चिमाजीला कुणी दोष दिला नाही, पण बातमी ऐकताच आपली चूक त्याला कळली. तो गावोगाव हिंडला, मऊ पिना बसवून अकरा कडक पिना परत घेऊन आला. बारावी कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं, पण त्या वस्तीकडे पाय वळेनात. लेथवरून निघणारा लोखंडाचा कीस बांगड्यांसारखा वेटोळी घेऊन पडायचा. पुढेपुढे लेथ बंद असतानाही त्याला बांगड्या वाजलेल्या ऐकू येऊ लागल्या. भ्यायचा तो, चक्क भ्यायचा.

तीन वर्षं गेली. खंडेनवमीला लेथ हळदकुंकू लावून गप्प उभा होता. तरी बांगड्या वाजल्या. चिमाजी दचकून वळला, तर दारात खरीच बाई. बांगड्या डाव्या हातात. उजवा कोपराशीच संपलेला.

“मी बायडाबाई,” म्हणत तिने पिन पुढे केली. दोन टिंबं. “आता दिराच्या मशीनला बी अशीच द्या, मिस्त्री. लय पक्की हाय. माझा हात गेला, पर ही वाकली बी नाय.”

नुसतं ‘तसल्या पिना संपल्या’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण चिमाजीला राहवेना.

“ताई, ही तुटायला पायजे व्हती. तुटली असती तर मशीन थांबलं असतं. चूक माझी हाय.”

बाईने ती पिन बोटांनी उलटीपालटी करून पाहिली.

“तीन वरीस,” ती म्हणाली, “मी माझ्या पदराला शिव्या देत व्हते.”

चिमाजीने पिनेसाठी हात पुढे केला. तिने मूठ मिटली.

“नाय. ही माझ्याकडंच राहू द्या.”