चुन्याच्या रेघेच्या आत

सरकीला सरकी हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर अगदी चपखल ठेवलं होतं. ती सतत सरकायची. रस्त्यात समोरून कुणी आलं की सरकायची, जिन्यात सरकायची, ब्रेडच्या दुकानाच्या रांगेत तर मागे कुणीही नसताना बाजूला होऊन "सॉरी" म्हणायची. रिकाम्या हवेला सॉरी म्हणणारी पंधरा वर्षांची मुलगी दिसल्यावर पोरं गप्प बसतील होय? त्यात ती बाहेरची. आई गेल्यावर मामा तिला घेऊन आले, आणि वर्ष उलटून गेलं तरी ती सगळ्यांना अजून 'मामाकडे आलेली' होती. राहणारी नव्हे, आलेली.

पण हवा रिकामी नव्हती, हाच तर घोळ होता. सरकीला माणसांचे रक्षकदूत दिसायचे.

आता रक्षकदूत म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कॅलेंडरवरचं चित्र येणार. पांढराशुभ्र झगा, सोनेरी केस, गोबरे गाल. छे हो, तसलं काही नाही. न्हाव्याच्या दूताच्या पंखांत केसांचे बारीक तुकडे अडकलेले असत आणि तो बिचारा दिवसभर खाजवत असे. बस ड्रायव्हरचा उभ्या उभ्या पेंगायचा, पण वळण आलं की बरोबर जागा. पोस्टमनचा दूत कुत्र्यांना घाबरायचा, तरी पोस्टमनच्या पुढे व्हायचा. बोलत मात्र कुणीच नसे. ज्याचा तो आपल्या माणसामागे, आपल्या कामात. कामावर असलेल्याला वाट द्यावी, एवढंच सरकीचं म्हणणं होतं.

सगळ्यांचे दिसायचे. तिचा स्वतःचा तेवढा दिसत नव्हता.

आरशात बघून झालं. दुकानांच्या काचांत बघून झालं. चालता चालता गर्रकन मान वळवून चोर पकडावा तसं बघून झालं. मागे कुणी नाही. एकदा जेवताना तिने मामांना सगळं सांगून टाकलं आणि विचारलं, "मामा, देवाने वाटप केलं तेव्हा मी काय झोपले होते?" तिला रडू येत होतं आणि रडायची लाजही वाटत होती. दुष्टातल्या दुष्ट माणसामागेही कुणीतरी उभा आणि आपल्यामागे नुसती भिंत, हे तिला फार लागलं होतं.

मामांनी घास गिळला. "असतील दूत. मी कुठं नाही म्हणतो? पण भाजी गार होतेय."

मामा असेच. त्यांचा धंदा जड वस्तू उचलण्याचा. कारखान्याची यंत्रं, पाण्याच्या टाक्या, कुणाचा पियानो तिसऱ्या मजल्यावर चढवायचा असला की मामांना बोलावणं. दोर, कप्प्या, दोर गुंडाळून ओझं ओढणारी विंच आणि चार गडी, एवढा संसार. शब्द कमी आणि नियम दोन. पहिला, ओझं हवेत असताना आवाज एकच, मुकादमाचा. बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. मात्र "थांब" कुणीही म्हणावं, अगदी रस्त्यावरून जाणाऱ्या पोराने म्हटलं तरी काम थांबणार. दुसरा, हवेतल्या ओझ्याखाली कुणी नाही. मामा चुन्याची रेघ मारत आणि त्या रेघेच्या आत माणूस दिसला की जग बुडत असलं तरी विंच बंद.

तर चर्चची नवी घंटा आली. चांगली थोरली, दोन माणसं आत मांडी घालून बसतील एवढी. मनोऱ्याच्या तळाशी एक चौकोनी खोली होती, तिच्या छताला मोठं भोक, त्यातून घंटा वर जायची. वर मनोऱ्यात आडवी जुनी तुळई, तिला कप्पी. तिथून दोर खाली, दाराबाहेर अंगणात, विंचवर. मामा उंबरठ्यावर उभे, म्हणजे घंटाही दिसते आणि गडीही. तुळई त्यांनी हातोडीने ठोकून पाहिली होती, चांगला भरीव आवाज आला होता. तुळईची टोकं मात्र भिंतीत रुतलेली. तिथं हातोडी पोचत नाही आणि नजरही.

चर्चमधल्या मुलांच्या कॉयरकडून स्तोत्रं गाऊन घेणाऱ्या कॉयरबाईंना या प्रसंगी गाणं हवं होतं. गाणं कसं नको? अख्खं गाव जमणार, मुलं पांढऱ्या झग्यांत येणार. कॉयरबाई म्हणजे मोठा आवाज आणि मोठं मन, पण मन नियमाबाहेरच्या कुणासाठी उघडायचं नाही. सरकीला त्यांनी कॉयरमधून काढलं होतं, कारण ती ऐन स्तोत्रात रांग सोडून बाजूला झाली होती. "इथं तमाशे नकोत," बाई म्हणाल्या होत्या. "पुन्हा असलं केलंस तर कॉयरच काय, चर्चमध्येही मागच्या बाकावर बसायचं."

मामा म्हणाले, गाणं नको. फादर मधे पडले, आणि शेवटी ठरलं की घंटा वर पोचून कडीत अडकली की गाणं. बाईंनी मान डोलावली. मुलांना तळखोलीत रेघेबाहेर भिंतीला लागून उभं केलं, म्हणजे मुलांना घंटा दिसेल आणि गावाला मुलं.

सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. मामांनी हात वर केला, "उचला" म्हणाले, विंच कुरकुरली आणि घंटा जागेवरून सुटली. खाली तिच्या कडेच्या मापाने वाळूची पोती गोल रचून ठेवली होती, त्यांच्यावरून ती अलगद वर आली. अशी काही चमकली की अंगणातल्या माणसांच्या तोंडून "आहाहा" निघालं. आणि तेवढ्यात, काय सांगावं, कॉयरबाईंनाच राहवलं नाही. ऊर भरून आला आणि हात आपोआप उठले. मुलांनी हात बघितले की सूर लावायचा, एवढंच त्यांना ठाऊक. तीसेक गळे एकदम उघडले. ही चूक दुसऱ्या कुणी केलीच नसती. ज्यांना देवाची एवढी आवड आणि गाण्याची एवढी हौस, त्यांनाच ती सुचावी. बाहेरच्या गर्दीनेही री ओढली. मामांनी दोनदा हात झटकले, पण ते वर घंटेकडे बघत होते आणि घंटा सुरळीत चढत होती, म्हणून त्यांनी दात खाऊन चालू दिलं.

सरकी उंबरठ्याशी मामांच्या पलीकडे उभी होती. तिला दुसरंच काहीतरी दिसलं.

मुलांचे दूत मुलांच्या मागे नव्हते. ते वर चढले होते. भिंतीला पाठ लावून, खांद्याला खांदा देऊन, सगळ्यांनी पंख पसरले होते आणि मुलांच्या डोक्यांवर छप्पर धरलं होतं. वाकून, पाय रोवून, जड पेटी डोक्यावर घेतलेल्या हमालासारखे. त्यांचे चेहरे घामेजले होते. इतक्या वर्षांत तिने एकाही दूताला असं थरथरताना पाहिलं नव्हतं. आणि त्यातला प्रत्येक जण तिच्याकडे बघत होता.

तिने वर पाहिलं. तुळईच्या टोकाजवळून भिंतीतली माती भुरभुर गळत होती.

"थांब!" सरकी ओरडली. "मामा, थांब! थांबा!"

कुठलं काय. गाणं नेमकं वरच्या पट्टीत गेलं होतं. ती बेंबीच्या देठापासून ओरडली; तिचं तिलाच ऐकू आलं नाही. तिने मामांची बाही ओढली, तर त्यांनी न बघता हात सोडवून घेतला. ओझं हवेत असताना मामांच्या अंगाला हात लावायचा नसतो. पलीकडून कॉयरबाईंनी तिचे हातवारे पाहिले, डोळे वटारले आणि मुलांना आणखी मोठ्याने गायची खूण केली.

आता काय करायचं? मुलांना धरून ओढायचं? दोघातिघांना ओढेल, तोवर बाई तिलाच धरून बाहेर काढतील. तिला कळलं की मामा एकाच गोष्टीला थांबतील, आणि ती गोष्ट तिला करता येत होती.

तिने चुन्याची रेघ ओलांडली आणि वाळूच्या पोत्यांच्या मधोमध, बरोबर घंटेखाली जाऊन उभी राहिली.

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांची मूठ वर गेली, अंगणात गड्याने विंच अडवणारी खिटी टाकली आणि घंटा पुरुषभर उंचीच्याही वर लटकून राहिली. गाणं एकेका गळ्याने फुटत गेलं आणि बंद पडलं.

"बाहेर हो!" मामा गरजले. "कार्टे, अक्कल गहाण टाकलीस का? बाहेर!"

"आधी मुलं," सरकी म्हणाली. "मुलं बाहेर गेली की मी येते."

"ए मुली, हा काय तमाशा लावलायस?" कॉयरबाई तिला धरायला पुढे आल्या. त्यांचा दूत हात जोडून सरकीकडे बघत होता.

"बाई, मी हलणार नाही. तुम्ही ओढलंत तरी नाही. मुलांना न्या, मग मला काय हवं ते बोला. तुळईचं टोक सुटतंय."

मामांनी वर पाहिलं. त्यांना दूत दिसत नव्हते, माती दिसली. "मुलं बाहेर काढा," ते हळू आवाजात म्हणाले, आणि मामा हळू बोलले की गडीसुद्धा पळतात. "बाई, आत्ता. धक्काबुक्की नको."

मुलं निघाली. एकेक मूल दाराबाहेर पडलं की त्याचा दूत पंख मिटून त्याच्यामागे धावे. छप्पर विरळ होत गेलं. शेवटचा सगळ्यात लहान, झग्यात पाय अडकून पडला. कॉयरबाईंनी त्याला काखेत मारलं आणि बाहेर धाव घेतली. त्यांच्याबरोबर शेवटचे दोन दूतही गेले.

सरकीने मान वर केली. वर नुसतं घंटेचं काळं तोंड होतं. पंख नाहीत, कुणी नाही. बाकी सगळे आपापल्या माणसांबरोबर गेले आणि आपण एकटेच उरलो, हे तिला लख्ख कळलं. तिला प्रचंड भीती वाटली, आणि भीतीच्या पलीकडे, कसं कोण जाणे, हायसंही वाटलं. ज्यासाठी उभं राहायचं ते झालं होतं.

"पळ!" मामा दारातून आत झेपावले.

तिने पाऊल उचललं आणि वर कडाड् झालं; गड्यांनी मामांना मागून धरून दाराबाहेर खेचलं. ती जागच्या जागी खाली बसली, गुडघ्यांत डोकं घालून.

पिल्लांवर डालगं टाकावं तशी घंटा तिच्यावर आली. वाळूच्या पोत्यांवर दणकन बसली, आणि तुळई, दगड, विटा, अर्धी भिंत घंटेच्या पाठीवर कोसळली. दगडामागून दगड, आणि प्रत्येक दगडाला घंटा वाजत होती. आत तर तो आवाज हाडांतून जात होता. मग एकेक दगड थांबला, धूळ बसली, गुंजारव हळूहळू मावळला.

अंधार. सरकीने हात चाचपले, पाय चाचपले. सगळं जागच्या जागी. तिने डोळे फाडून चारही बाजूंना पाहिलं, खरं म्हणजे त्याच आशेने. काही दिसलं नाही. दोन पोत्यांच्या फटीतून उजेडाची चिंधी तेवढी येत होती. आणि तिच्या मनात आलं, आपण सोडून सगळं गाव रोज असंच तर जगतं.

फटीतून एक हात आत आला. जाडजूड, धुळीने माखलेला, बोटात अंगठी. कॉयरबाईंचा. "आहेस का गं? धर, माझा हात धर," बाई हमसून हमसून रडत होत्या. "आहे म्हण गं!"

"आहे," सरकी म्हणाली आणि तिने हात घट्ट धरला. बाहेर गलका झाला. कुणी हसत होतं, कुणी रडत होतं, फादर मोठ्याने देवाचे आभार मानत होते. मग फटीपाशी कुणीतरी आडवं झालं आणि उजेड झाकला गेला.

"पोरी." मामांचा आवाज आला. "लागलंय कुठं?"

"नाही. कान वाजताहेत."

"वाजू देत." मग ते अगदी हळू, गड्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "तुझा तो... आहे का आत? दिसला?"

"दिसला नाही, मामा."

"अस्सं."

"पण आहे," सरकी म्हणाली. "तुम्हाला तरी तुमचा कधी दिसलाय? तरी दोराला हात लावायच्या आधी रोज क्रूसाची खूण करताच ना?"

मामांनी जोरात नाक ओढलं, उठून उभे राहिले आणि गड्यांवर खेकसले, "तोंडं काय बघताय माझी? दगड बाजूला करा, जॅक आणा! आणि आवाज एकच राहील, सांगून ठेवतो. आतून ती सांगेल तेव्हाच उचलायचं."

अख्खं अंगण चिडीचूप झालं. जॅक लागले, गडी वाकले, आणि सगळे त्या थोरल्या घंटेकडे कान देऊन उभे राहिले.

"उचला," आतून सरकी म्हणाली.