खांद्यापुरतं दुखणं

कोटांच्या त्या दुकानात सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. दुकान वडिलांचं आणि कटिंग मास्तरही तेच. त्यांच्यामागे कापायचं टेबल तिच्याकडे आलं आणि गल्ला, गिऱ्हाइकं, गोड बोलणं हे सगळं धाकट्या भावाकडे गेलं. वाटणी अगदी बरोबर झाली होती, कारण तिला बोलायचा कंटाळा आणि त्याला गप्प बसायचा.

तिचा उजवा खांदा दुखायचा. आज दुखला, उद्या राहिला असलं ते दुखणं नव्हतं. तो खांदा सकाळी तिच्याआधी जागा व्हायचा. तिथून कळ मानेत चढायची, कानामागून कपाळात जायची आणि दुपारनंतर डोळ्यामागे ठाण मांडून बसायची. मानेच्या डॉक्टरांनी पट्टा दिला, खांद्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा बदलला, आणि शेजारणीने दिलेल्या तेलाने उशांचे अभ्रे तेवढे खराब झाले. शेवटचे डॉक्टर ‘वयोमानाने होतं’ म्हणून मोकळे झाले. डावा खांदा काय मागाहून जन्माला आला होता? पण असं तोंडावर विचारायचा तिचा स्वभाव नव्हता. तिने मूग गिळले आणि घरी आली.

मग एके दिवशी एका भारी लोकरीच्या कापडावर कात्री चालवताना खांद्यात अशी सणक आली, की हात खडूच्या रेघेच्या आत गेला. पाठीचा तुकडा वाया गेला. भावाने आरडाओरडा केला नाही, तेच तिला जास्त झोंबलं.

“ताई, आता पुरे,” तो म्हणाला. “मी दुसरा कटिंग मास्तर बघतो. तू काउंटरवर बस. बटणं-बिटणं बघ.”

बटणं-बिटणं. सपाट पडलेल्या कापडातून माणसाची पाठ काढायची हा तिचा जन्माचा छंद, आणि आता बटणं-बिटणं.

“थंडीचे कोट होऊ देत,” ती एवढंच म्हणाली. भावाने मान डोलावली. म्हणजे तिच्या हातात थंडी संपेपर्यंतचा वेळ होता.

भावजयीने कुठूनसं ऐकलं होतं, की मोठ्या दवाखान्यात जुनाट दुखण्यांचा वेगळा विभाग आहे. मास्तरीणबाई गेली. खोलीत तिघं बसलेले. एक उंच डॉक्टर, एक व्यायाम शिकवणारी बाई आणि एक शांत बाई, जिचं काम नुसतं विचारणं. एका खांद्याला तीन माणसं, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं म्हणायचं, असं तिच्या मनात आलं.

“झोप कशी लागते?” शांत बाईंनी विचारलं.

“ठीक.”

“जेवण?”

“ठीक.”

“घरी कोण असतं?”

“आई.”

“त्यांची तब्येत?”

“ठीक,” मास्तरीणबाई म्हणाली. आई खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणात होती, रात्रीतून कितीदा तरी तिला उठवून बसवावं लागे, हे सांगायचं तिला सुचलंही नाही. दुखत होता खांदा, तर या बाई घर धुंडाळत बसल्या होत्या. अखेर तिचाही संयम सुटला.

“डॉक्टर, माझा खांदा दुखतो. आईचं काय त्यात?”

डॉक्टर तिचं म्हणणं ऐकायला पुढे वाकले. खोलीत पाऊल टाकल्यापासून जे तिच्या डोळ्यांत सलत होतं, ते आता अगदी समोर आलं. न राहवून ती बोलून गेली, “तुमच्या कोटाची कॉलर सुटते.”

“हो ना. दोनदा बदलून घेतली.”

“दहादा बदला. दोष कॉलरचा नाहीच. तुम्ही वाकून उभे राहता, त्यामुळे पाठीला कापड कमी पडतं आणि कॉलर मानेपासून ओढली जाते. कॉलरला हात लावायच्या आधी माणूस उभा कसा राहतो ते बघायचं असतं.”

व्यायामवाल्या बाईंनी हसू लपवायला मान खाली घातली. मास्तरीणबाईला आपलं बोलणं आपल्याच कानांनी ऐकू आलं. ती ओशाळली. इतकी वर्षं ती स्वतःची कॉलरच बदलत फिरत होती.

“मग काम करताना तुम्ही कशा उभ्या राहता ते दाखवा,” व्यायामवाल्या बाई म्हणाल्या. “माझ्याच कोटावर चालू द्या,” असं म्हणत डॉक्टर पाठमोरे झाले.

पिशवीत टाचण्यांची डबी होतीच. सवयीप्रमाणे मास्तरीणबाईने चार टाचण्या ओठांत धरल्या आणि कोटाची पाठ टाचायला घेतली. काम हाती आलं तशी ती खोली, दवाखाना, सगळं विसरली. मागून व्यायामवाल्या बाईंचा आवाज आला, “श्वास कधी घेणार?”

तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण श्वास धरून ठेवलाय. टाचणी गिळली जाऊ नये म्हणून नवशिका शिंपी श्वास जपून घेतो. तिने ती सवय आयुष्यभर जपली होती. जबडा घट्ट आवळलेला, आणि उजवा खांदा कानाशी गुजगोष्टी करायला वर चढलेला.

“टाचण्या काढा. आता जबडा सैल सोडा.”

“सैलच आहे.”

बाईंनी तिचंच बोट तिच्या गालावर ठेवलं. आत सुपारीएवढी गाठ लागली. टाचण्या गेल्या होत्या, पण जबडा तसाच पहाऱ्यावर होता.

“तुमचं दुखणं खरं आहे,” डॉक्टर समोर येऊन बसत म्हणाले. हे वाक्य ऐकून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं, कारण एवढ्या डॉक्टरांत ते कोणीच म्हटलं नव्हतं. “पण ते खांद्यापुरतं नाही. शरीर फार दिवस सावध राहिलं की साध्या गोष्टीचीही बोंब ठोकायला लागतं. अपुरी झोप, अडलेला श्वास, आवळलेले दात, मनावरचं ओझं, सगळं त्यात भर घालतं. औषध देतो. पण नुसत्या औषधाने भागणार नाही, तुम्हालाही हातभार लावावा लागेल.”

मग तिला कामं मिळाली. टाचण्या मनगटावरच्या गादीत टोचायच्या. मधेमधे जबडा सोडून लांब श्वास सोडायचा. कळ येण्याची वाट न बघता आधीच थांबायचं. संध्याकाळी पाय मोकळे करायचे. दुकानातल्या कारागिरांनी तिची भरपूर टिंगल केली. बाई आता श्वासाचंही माप घेतात, असं म्हणू लागले. तिने मनावर घेतलं नाही. दुपारची कळ पुष्कळ मऊ झाली होती. पण सकाळी उठावं तर खांदा पुन्हा जिथल्या तिथे. असं कसं होतंय, ते तिला कळेना. घरी तर ती टाचणीला हातही लावत नव्हती.

एका संध्याकाळी ती आईला भरवत होती. आई दोन घास खाई आणि तिसरा थुंकून टाके. उशी सरकली, पेला कलंडला, चादर ओली झाली. मास्तरीणबाईने हूं की चूं न करता चादर बदलली, आईला कुशीवर केलं, पुन्हा चमचा उचलला.

“दात का आवळतेस गं?” आई म्हणाली. “कधीची बघतेय. माझ्यावर रागावलीस का?”

मास्तरीणबाईचा हात आपोआप गालाकडे गेला. तीच सुपारी.

“नाही गं आई,” ती म्हणाली. नेहमीचं ‘काही नाही’ ओठांवर आलं होतं, ते तिने परतवलं. “मी दमलेय. खूप दमलेय.”

बोलता बोलता ती आईच्या पायथ्याशी बसली आणि लहान मुलीसारखी रडली. रडण्यात मजा काहीच नव्हती, पण खांदे कसे कोण जाणे खाली उतरले. आईने तिची वेणी ओढली.

“मग धाकट्याला सांग की. त्याला काय शेजारणीने जन्म दिलाय?”

दुसऱ्या दिवशी तिने दुकान उघडताच भावाला गाठलं आणि आईने अर्धा आठवडा त्याच्याकडे राहावं असं सांगितलं. कापडाचा भाव खाली-वर होतो तसा त्याचा चेहरा झाला.

“अगं, पण मला वाटायचं तू आईला कोणाला हात लावू देणार नाहीस. कधी बोलली नाहीस.”

“आता बोलतेय.”

भावजय कधीची तयारच होती. शनिवारी आईची खाट, उशा आणि औषधं भावाच्या घरी गेली. मास्तरीणबाई त्या रात्री जी झोपली, ती उन्हाने डोळ्यांवर टकटक केल्यावर उठली. खांदा दुखत होता. पण तिच्या मागाहून जागा झाला होता.

सोमवारी भाऊ दुकानात उशिरा आला. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, मान एका बाजूला अवघडलेली. गल्ल्यावर न जाता तो कापायच्या टेबलाशी स्टूल ओढून बसला. ती जाड लोकरीवर खडूच्या रेघा मारत होती.

“दोन रात्री,” तो म्हणाला. “दोनच रात्री काढल्या ताई, आणि मला चहाचा कप उचलवत नाहीये. तू हे रोज करायचीस?”

“रोज.”

“आणि सकाळी येऊन कोट कापायचीस.” मग त्याने फोन काढला. “तो नवा मास्तर आज भेटायला येणार होता. त्याला नको म्हणून सांगतो.”

“नको कशाला?” ती म्हणाली. “येऊ दे की. जाड कापडं कापायला मला माणूस हवाच आहे, एकटीने ओढून झालं तेवढं पुरे. पण त्याला आधीच सांगून ठेव, हे टेबल माझं आहे.”

भावाने फोन खिशात टाकला. “बरं. मग आता मला सांग, दुखतं म्हणजे नक्की कुठे दुखतं?”

हे त्याने आजवर कधी विचारलं नव्हतं. मास्तरीणबाईने कात्री उचलली, एक लांब श्वास सोडला आणि कापता कापता, अगदी पहिल्यापासून, त्याला सांगायला सुरुवात केली.